नाडी

आत नाडीला बंदी नाही, हिशेब आहे.
पायजम्याला एक, ठरल्या लांबीची.
जास्तीची निघाली तर जमा करायची.
एकोणीस वर्षं मी दोऱ्या जमा करतोय.

जेलरोडला दाढी करताना न्हावी विचारतो,
साहेब, आत एकेक खतरनाक असतील,
भीती नाही वाटत?
वाटते, म्हणतो मी.
कशाची, ते तो विचारत नाही.
वस्तरा फिरवत राहतो.

त्या पहाटे तीन चाळीसला
धात्रक शिपाई धावत आला.
बोलला नाही, नुसता हात केला.
पाच नंबर बराक. एकशे दहांच्या जागेत दोनशे शहाऐंशी,
सगळे झोपलेले, किंवा झोपल्यासारखे,
आणि आडभिंतीमागे लहानू चौरे, सुरगाण्याकडचा,
जामीन मंजूर होऊन सात महिने झालेला,
पंधरा हजारांना उभा राहणारा माणूस मिळेना
म्हणून अजून आत.

खाली घेतला त्याला.
कापलेली नाडी माझ्या एका मुठीत,
दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या मनगटावर
नाडी शोधत.
दोन्हीला एकच शब्द आहे,
हे मला नेमकं तेव्हाच सुचावं
याची अजून लाज वाटते.

सापडली.
कोंबडीच्या पिलाएवढी.

मग चौकशी.
दोरीची लांबी किती? शेवटची झडती कधी?
घटनेच्या वेळी आपण नेमके कुठे होता?
तीन बराकींत एकदम होतो साहेब,
रात्रपाळीला आम्ही दोघं, आणि तिसरा भरतीचा पोरगा,
तो टॉवरवर कानटोपी घालून थंडीशी झुंजत होता.
हे लिहिलं नाही.
लिहिलं, गस्तीवर.
कैदी वाचला कसा, हा रकाना
त्या फॉर्मात नव्हता.

क्वार्टरच्या गॅलरीत ओढण्या वाळत असतात.
मी त्या काढून घड्या घालतो, ओल्याच.
सई ओरडते, बाबा, कुबट वास मारतो मग!
बुटांच्या लेस, परकराच्या नाड्या,
खिडकीच्या पडद्याची ती गोंड्याची दोरी,
नजर आपोआप लांबी धरते.
संक्रांतीला पोराच्या हातातून आसारी घेतली
आणि गच्चीवर उभा राहून
मांजा वावेनं मोजत बसलो.
तोवर त्याचा पतंग कुणीतरी कापून नेला.

रात्री शैला हात हातात घेते.
माझी दोन बोटं सरकत तिच्या मनगटावर जातात.
काय बघताय, ती म्हणते,
ताप नाहीये मला.

लहानू सिव्हिलमधून आठव्या दिवशी आला.
आता त्याला नाडी द्यायची नाही, तसा शेराच आहे.
एका हाताने पायजमा धरून चालतो,
गिणतीला उकिडवा बसतो तेव्हाही
ती मूठ सुटत नाही.
पोरं हसतात. थांबवली तर जास्त हसतात.
मला वाटलेलं, मला शिव्या देईल,
का सोडवलंत म्हणेल. त्याची उत्तरं
मी पाठ करून ठेवली होती.
तो म्हणाला, साहेब, दोन्ही हात लागतात.
कशाला रे?
भाकर मोडायला.

बिटकोजवळच्या शिलाईच्या दुकानातून
वीस रुपयांचं इलॅस्टिक घेतलं,
तान्ह्या पोराच्या झबल्या-चड्डीला घालतात तसलं.
यात किती जीव आहे, बाईला विचारलं.
ती म्हणाली, दोन धुण्यात सैल पडतं, आधीच सांगते.
मी म्हटलं, तेच द्या.

गेटवर झडती आमचीही होते.
धात्रकने खिशात हात घातला,
थांबला.
माझ्याकडे पाहिलं, मग इलॅस्टिककडे,
मग भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे
जे सात मिनिटं मागे असतं.
आत काही नेणं म्हणजे नोकरी.
त्यालाही दोन मुली आहेत.

रजिस्टर ओढून त्याने लिहिलं,
रुमाल, एक.

मी सही केली.
वेळ टाकली, घड्याळात होती ती.